सुगंधाबाईचं चूलबंद आवतण

आज सकाळपासून तुम्ही किती परक्या माणसांना घरात घेतलंत, सांगता का?

"एकालाही नाही," म्हणाल. मान ताठ करून म्हणाल. मग मी विचारते, फोनवर एखादी वेबसाइट उघडलीत ना? खालून एक पट्टी वर आली ना? "आम्ही कुकीज वापरतो, आपला अनुभव चांगला व्हावा म्हणून," असं काहीबाही बारीक अक्षरात, आणि त्याखाली टपोरं हिरवं बटण, "सर्व स्वीकारा". तुमचा अंगठा कुठे गेला? वाचलंत का काही? नाही वाचलंत. माश्या हाकलतो तशी ती पट्टी हाकलली आणि पुढे गेलात. ती हाकलली गेलीच नव्हती. ती आत आली, आणि येताना कोणाकोणाला घेऊन आली हे मी तुम्हाला सांगणार आहे. सांगणार म्हणजे सुगंधाबाईची गोष्ट सांगणार. कारण तुमचं काय झालं ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही, तिचं मात्र सगळ्या घराला कळायची वेळ आली होती.

सुगंधाबाई तापीकाठच्या गुजर पाटलांच्या घरातली. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येतो इतक्या अंतरावर त्यांचं गाव. ऊस, केळी, दारात कडुनिंब, ओट्यावर भला मोठा टीव्ही. नवरा भिकन आप्पा, मुलगा गोपाल, सून हेमांगी. बाई पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, बोलायला लागली की थांबत नाही, आणि नाही म्हणणं तिला येत नाही. म्हणजे खरंच येत नाही. कोणी चहा दिला तर तिसऱ्यांदाही घेते. भांडीवाला आला की जुनी साडी देऊन नको असलेलं पातेलं घेते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दारमा उभा माणूसले नही कसं म्हनानं वं? आनि आपन दुसराना दारमा गयात तं तठे नही कसं म्हनानं?" झालं. दोन्हीकडून हो.

भाऊबंदकीत लग्न असो, बारसं असो, आवतण द्यायला हिलाच पाठवतात. कारण आवतणाचे प्रकार असतात आणि त्यात चूक झाली तर दोन पिढ्या बोलत नाहीत. एखाद्या घरी घरदीठ एक माणूस बोलवायचा. एखाद्या घरी जोडप्यानं या म्हणायचं. आणि फार जवळचे असले की चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. कोणाला यातलं कोणतं द्यायचं हे सुगंधाबाईला पाठ. आजवर तिची चूक झाली नाही. तिला त्याचा गर्व आहे आणि असावाच.

पण आवतण द्यायला जायचं कसं? पायी जवळच्या गावांना. लांबच्या गावांना गोपालच्या मोटरसायकलवर मागे बसून, तेही गोपालला वेळ असला तर. आणि आखाजीला तर विचारूच नका. आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेकीबाळींनी माहेरी जायचं म्हणजे जायचंच, झोका खेळायला. माहेरहून न्यायला मुऱ्हाळी येतो. सुगंधाबाईचं माहेर तापीच्या पलीकडे, प्रकाशाचा पूल ओलांडला की आत थोडं. पण भाऊ थकला, भाचे फोनवर म्हणतात, "आत्या, बसनं ये ना." दर आखाजीला ही बाई पिशवी भरून ओट्यावर बसते, गोपालला वेळ होईल तेव्हा निघते, पोचते तोवर झोके खेळून बाया घरोघर पांगलेल्या.

म्हणून यंदा तिनं ठरवलं, स्कूटर घ्यायची. स्वतःची. आखाजीच्या सकाळी मुऱ्हाळीची वाट न बघता पूल ओलांडून माहेरच्या झोक्याखाली जाऊन उभं राहायचं. पैसे तिचे स्वतःचे होते, त्याची चौकशी तुम्ही करू नका. अडचण एकच होती. हे आधी घरात कळलं तर संपलं. भिकन आप्पा म्हणणार "पडशील", गोपाल म्हणणार "माय, मी आहे ना", गावात जो तो मत देणार, आणि ज्या बाईला नाही म्हणता येत नाही ती त्या सगळ्यांना "हो, बरोबर आहे तुमचं" म्हणून गप्प बसणार. म्हणून आधी शिकायचं, चालवून दाखवायची, मग सांगायचं. ही गोष्ट फक्त मला माहीत होती.

मी कामिनी. शहाद्याला झेरॉक्सच्या दुकानाबाहेर माझी प्लॅस्टिकची खुर्ची आहे, तेच माझं ऑफिस. शाळेत कमी आणि कचेऱ्यांच्या व्हरांड्यात जास्त शिकले. कोणाचा अर्ज अडला, कोणाला साहेबानं हाकललं, की लोक माझ्याकडे येतात. माझा आवाज मोठा आहे, कामाला येतो. सुगंधाबाई दुरून माझी मावशी लागते. माझी जुनी खडखडती स्कूटर घेऊन मी तिला शिकवायला लागले. हंगाम संपला की उसाच्या गाड्यांचा तळ रिकामा पडतो, तिथे.

पहिल्या दिवशीच गाडी उसात गेली. कारण काय? पदर. समोरून कोणी वडीलधारा माणूस आला की सुगंधाबाईचा उजवा हात आपोआप डोक्याकडे, पदर सावरायला. इतक्या वर्षांची सवय, हात विचारून थोडाच जातो! ॲक्सिलरेटर सुटला, हँडल वळलं, मावशी बांधापलीकडे.

"मावशी, पदर सोड, हँडल धर!"

"वं, पन ते तुन्हा मावसाना मामा शेतस ना!"

"मामा चालत गेले असते गं, तू त्यांच्या अंगावर गेलीस!"

उसातून ती हसत बाहेर आली, केसात पाचट. मीही हसता हसता खाली बसले. मामा तेवढे हसले नाहीत.

तर असं चालू होतं. आणि मग तिनं ती वेबसाइट उघडली.

घरात एक फोन सगळ्यांचा आहे. गोपालचा जुना, ओट्यावरच्या फळीवर चार्जिंगला लावलेला. गोपालच्याच खात्यावर चालतो, टीव्हीही त्याच खात्यावर, म्हणजे घर सगळं एका खात्याचं. सुगंधाबाईनं दुपारी सगळे झोपल्यावर तो घेतला आणि एका कंपनीची स्कूटर बघायला गेली. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर फुकटची जाहिरात, आणि मी त्यांच्या जाहिराती पुरेशा सोसल्या आहेत.

वेबसाइट उघडली, पट्टी आली. विचारलं, स्वीकारता का? आता, ती दुसऱ्याच्या दारात उभी. घरमालक स्वतः बाहेर येऊन विचारतोय. नाही कसं म्हणायचं? तिनं बटण दाबलं, आणि नुसतं दाबलं नाही, तोंडानं पण म्हणाली, "हो रे भो, हो." मग दुसरी कंपनी, "हो रे भो." मग हेल्मेटचं दुकान, मग विम्याचं, मग "सूचना पाठवू का?" हो. "तुमचं ठिकाण कळू द्याल का?" हो. एका ठिकाणी फोन नंबरही दिला, गाडी चालवून बघायला या म्हणाले म्हणून. सगळ्यांना हो म्हणून तिनं फोन पुसला, जागेवर ठेवला, आणि निश्चिंत भाकरी टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी भिकन आप्पा टीव्हीवर कीर्तन ऐकत होते. बुवा रंगात आले, टाळ वाजला, आणि मध्येच जांभळ्या स्कूटरवरून एक पोरगी केस उडवत सुटली. आप्पांनी रिमोट आपटला. पुन्हा कीर्तन, पुन्हा जांभळी स्कूटर. केळीचे भाव बघायला गेले, केळीखाली स्कूटर. आप्पा भोळे नाहीत. त्यांना माहीत होतं की फोन जे बघितलं तेच दाखवतो. त्यांनी मनात हिशेब केला: घरात केस उडवण्याच्या वयाची एकच. सूनबाई.

हेमांगी फोनवर भाजीची कृती बघत होती, वर स्कूटर आली. ती शिकलेली मुलगी, तिलाही माहीत होतं. तिनं हिशेब केला: गोपाल आपल्यासाठी गाडी बघतोय, लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय, गुपचूप आणणार! त्या संध्याकाळी गोपालच्या ताटात डुबुकवड्या, रस्स्यात सोडलेल्या बेसनाच्या. दुसऱ्या दिवशी शेवभाजी. गोपाल चकित.

आणि गोपालनं रात्री क्रिकेट लावलं तर ओव्हर संपली की स्कूटर. त्याचा हिशेब: माझी मोटरसायकल जुनी झाली, आप्पा मनावर घेऊन नवीन बघताहेत, पण म्हाताऱ्यानं बघून बघून बायकांची स्कूटर बघितली! आप्पांना वाईट वाटू नये म्हणून तो जेवताना म्हणाला, "आप्पा, रंग कोनता बी चाली मले." आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की बस.

म्हणजे सून खुशीत, मुलगा खुशीत, सासरा फुगलेला, आणि जिनं हे सगळं केलं ती स्वयंपाकघरात पोळपाटाला घट्ट धरून उभी. टीव्हीवर स्कूटरचा आवाज आला की तिच्या हातातलं लाटणं खाली पडायचं. आणि जाहिराती थांबेनात. हेल्मेट आलं. गुडघ्याला बांधायची पट्टी आली. विमा आला. एके दिवशी आलं, "पन्नाशीनंतरही शिका, महिलांसाठी खास वर्ग." त्या दिवशी तिनं मला फोन केला. शेजारणीच्या फोनवरून.

"कामिनी, मन्हा घरमा चोर शिरना वं. मन्हा मनमातलं सारं बोली ऱ्हायना, टीव्हीमातीन!"

मी निघालेच. तळावर तिला बसवलं, माझ्या फोनवर तीच वेबसाइट उघडली आणि माझं डोकं फिरलं. "सर्व स्वीकारा" हे बटण जेवणाच्या ताटाएवढं. आणि नाही म्हणायला? करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढं, इंग्रजीत, "पसंती बदला". ते उघडलं की एक पान. त्या पानात दुसरं पान. त्या पानात "आमचे भागीदार", आणि भागीदारांची यादी, सरकवत जा, सरकवत जा, माझा अंगठा दुखला पण यादी संपेना.

"मावशी, ऐक. तू त्यांच्या दारात गेलीस ना, त्यांनी तुझ्या पदराला एक बारकी चिठ्ठी अडकवली. तिला कुकी म्हणतात. एखादी चिठ्ठी कामाची असते, तू कोणता रंग निवडलास ते पुढच्या पानावर लक्षात राहावं म्हणून. पण बाकीच्या चिठ्ठ्या चुगलखोर. तू कुठल्याही दुसऱ्या दारात गेलीस की तिथला माणूस ती वाचतो, म्हणतो, अरे, ही स्कूटरवाली बाई! आणि लगेच स्कूटर दाखवतो. आणि तुमच्या घरात खातं एकच, म्हणून तुझ्या पदराची चिठ्ठी आप्पांच्या कीर्तनात वाचली जाते."

ती यादीकडे बघत राहिली. मग पहिल्यांदा मी तिला चिडलेली बघितली. नाक लाल.

"मी तं एकलेच आवतन दिधं! घरदीठ एक! हाई सारी चूलबंद कसी काय उनी?"

एवढं नेमकं मला माझ्या सगळ्या अर्जांमध्ये लिहिता आलं नव्हतं. एकाला बोलावलं, तो येताना गाव घेऊन आला, आणि वर म्हणतो की तुम्हीच तर या म्हणालात.

मी त्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावला, स्पीकरवर. एक गोड आवाजाचा माणूस आला.

"मॅडम, आपली संमती आमच्याकडे नोंदलेली आहे."

"कोणाची?"

"ग्राहकाची."

"कोणत्या? फोन गोपालचा, बोट सुगंधाबाईचं, डोळे भिकन आप्पांचे! यातल्या कोणी संमती दिली?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. कागदावर हे उत्तर नव्हतं बहुतेक. "मॅडम, आपण पसंती कधीही बदलू शकता."

"हो म्हणायला एक टिचकी, आणि नाही म्हणायला तुमच्या घरात चार खोल्या फिरायच्या, त्याही इंग्रजीत? मी माहिती जपायचा नवा कायदा वाचलाय, भाऊ. मराठीत वाचलाय. संमती समजून दिलेली पाहिजे, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. आपल्या भाषेत सूचना मागता आली पाहिजे. त्यातली बरीच कलमं अजून लागू व्हायचीत हे मला माहीत आहे, तुम्ही सांगू नका. लाज लागू व्हायला तारीख लागत नाही!"

तेवढ्यात सुगंधाबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "भो, तू जेवना का?"

"अं... हो, जेवलो मावशी."

"मावशी म्हनना! चांगला पोऱ्या शे वं, त्याले नको बोलू."

अशा माणसांना घेऊन मी लढाया लढते!

त्यानं एक पत्ता दिला, तक्रार तिथे करा म्हणाला. मी खुर्चीवर बसून मराठीत, मुद्देसूद ईमेल लिहिलं. उत्तर लगेच आलं, मशीनचं. "आपल्या गोपनीयतेची आम्हाला काळजी आहे. पसंती बदलण्यासाठी इथे क्लिक करा." क्लिक केलं. पान उघडलं. आणि त्या पानावर सगळ्यात आधी काय आलं असेल? तीच पट्टी! "आम्ही कुकीज वापरतो. सर्व स्वीकारा." मी इतक्या जोरात ओरडले की झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं.

शेवटी फोनच मागवला. सुगंधाबाई तो पदराखाली लपवून घेऊन आली. साठलेल्या कुकीज पुसल्या, खात्यात जाऊन जाहिरातींचा पाठलाग बंद केला. दोघींना घाम फुटला. पण टीव्हीतल्या जाहिराती लगेच आटल्या नाहीत. चिठ्ठ्या वाचलेल्या लोकांना वाचलेलं विसरायला वेळ लागत असावा.

आणि एक गोष्ट, खोटं बोलणार नाही. त्या सगळ्या छळात एक जाहिरात कामाची निघाली. हेल्मेटची. सुगंधाबाईनं ती कितीतरी वेळा बघितली आणि एक दिवस तळावर मला म्हणाली, "कामिनी, हाई टोपडं घालं तं डोकं झाकेलच ऱ्हाई ना?" हेल्मेट घातलं की पदराची गरजच काय! मी माझं हेल्मेट तिच्या डोक्यात बसवलं. समोरून मामा आले. हात उठला, अर्ध्यावर थांबला, हँडलवर परत गेला. गाडी सरळ. मामा बांधावर चढून उभे राहिले होते, पण गाडी सरळ!

आखाजी आठवड्यावर आली. कडुनिंबाला झोका बांधला होता. मी शिकवणीसाठी तिला न्यायला माझी स्कूटर घेऊन त्यांच्या दारात उभी होते, काहीतरी निमित्त सांगून. ओट्यावर आप्पांचे थोरले भाऊ उखा दादा आलेले. हे म्हणजे सुगंधाबाईचे जेठ. यांच्यासमोर ती कधी उघड्या डोक्यानं आलेली नाही आणि मोठ्यानं बोललेली नाही. टीव्हीवर कीर्तन. बुवांनी आलाप घेतला, आणि जांभळी स्कूटर सुटली.

उखा दादांनी विचारलं, "कोन गाडी ली ऱ्हायनं रे?"

आप्पांचा बांध फुटला. "सूनबाई! तुले गाडी पायजे तं तोंडवर सांग ना! हाऊ टीव्ही काय सांगस रोज? घरमा गाडी येवाव नही, सांगी ठेवस!"

हेमांगी ताठ झाली. "मी? मला वाटलं हेच आणताहेत माझ्यासाठी!"

"मी?" गोपाल उडालाच. "मले वाटनं आप्पा मन्हासाठे ली ऱ्हायनात!"

"तुन्हासाठे? जांभळी?"

"म्हणजे डुबुकवड्या मी उगाच केल्या?" हेमांगीचे डोळे भरले. "आणि आप्पा, मी न मागता तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात."

सगळे एकदम बोलायला लागले. मी दारात उभी, ओठ चावत. मी सांगू शकत होते. पण ती माझी गोष्ट नव्हती, आणि दुसऱ्याची गोष्ट परस्पर सांगणाऱ्यांशीच तर मी भांडत होते. सुगंधाबाई गप्प राहिली असती तर तिचं गुपित वाचलं असतं. सगळा आळ हेमांगीवर गेला होता, आणि आखाजी आठवड्यावर.

स्वयंपाकघरातून ती बाहेर आली. हातांना सांजोऱ्यांचं पीठ. जेठ समोर, पदर डोक्यावर.

"ती गाडी मन्ही शे," म्हणाली.

कोणाला कळेना. आप्पा म्हणाले, "कोनती?"

"टीव्हीमानी. जांभळी. मी देखी. मीच हो म्हननू सारासले. पोरले नका बोलू."

मग आप्पा हसले. खदाखदा हसले, मांडीवर थाप मारून. "तू? तू गाडी चालाडशी? पडी जाशी वं!" गोपाल हसला. उखा दादांनीसुद्धा मिशी पुसली.

सुगंधाबाई ओटा उतरली. माझ्यासमोर येऊन पिठाचा हात पुढे केला. मी चावी दिली. तिनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, पदर कमरेला खोचला, आणि गाडी सुरू केली. ओट्यापासून कडुनिंबापर्यंत, झोक्याला वळसा, कोंबड्या उडाल्या, शेजारची पोरं ओरडत मागे, परत ओट्याकडे, आणि बरोबर उखा दादांच्या समोरून, सरळ! हात हँडलवर. ब्रेक जरा जोरात लागला, पण लागला.

हसणं बंद झालं होतं. आप्पा थोरल्या भावाकडे बघायला लागले. आता घरात शब्द त्यांचा. उखा दादांनी सुगंधाबाईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "डोकं झाकेल शे. मंग काय अडचन शे?"

झालं! हेमांगीनं सासूला मिठी मारली, हेल्मेटसकट, कपाळावर टेंगूळ आलं तिच्या. गोपाल म्हणाला, "माय, मन्ही मोटरसायकलनं काय?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

आप्पा हळूच ओट्याखाली आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या सीटवर हात ठेवला. "मले मांगे बसाडशी का?"

सुगंधाबाईनं हेल्मेटची काच वर केली. मी वाट बघत होते तिच्या नेहमीच्या "हो"ची. तिनं थोडा विचार केला, खरंच केला, आणि म्हणाली, "आज नही."

"मंग कव्हय?"

"सांगसू."

आप्पांचा चेहरा असा झाला की मी तो आयुष्यभर जपून ठेवणार आहे. आणि मग तेच हसायला लागले.

गाडी तिनं त्या कंपनीची घेतली नाही. मला घेऊन नंदुरबारला दुसऱ्या दुकानात गेली. रंग मात्र जांभळाच निवडला. तिथल्या पोरानं टॅब पुढे केला, "मावशी, इथे टिक करा, ऑफरसाठी, आमच्या भागीदारांकडून..." तिनं टॅब त्याच्याकडे परत सरकवला. "घरदीठ एक. गाडीनं काम व्हयनं तं तू फोन कर. भागीदार नही." पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नको, त्यांचं ऐक. आता फोनवर पट्टी आली की ती चष्मा लावते, एकेक बटण बघते, मुंगीच्या पायाएवढं "नाही" शोधून काढते. सापडलं नाही तर ते दार सोडून देते. दारात नाही म्हणायला शिकली बाई, पन्नाशीनंतर! भांडीवाल्याला मात्र अजून हो म्हणते. ते तिचं तिला.

आखाजीच्या सकाळी ती एकटी निघाली. मागे सांजोऱ्यांचा डबा रबरानं बांधलेला. मी मागून माझ्या स्कूटरवर, लांबून, तिला कळू न देता. प्रकाशाच्या पुलावर वारा सुटला होता, पदर हेल्मेटखालून निशाणासारखा फडफडत होता, आणि ती पुलाच्या बरोबर मधून चालली होती, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मधून. मागे केळी भरलेला ट्रॅक्टर, दोन जीप, एक बस, सगळे तिच्या वेगानं. बसचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "मावशी, बाजू!" तिनं हँडलवरचा हात सोडला नाही. नुसती मान हलवत ओरडली, "नही!" आणि हसली. पलीकडे झोका हलत होता, भाचे पळत रस्त्यावर आले होते, आणि तिच्याआधी कोणी पोचलं नव्हतं.

तर आता तुमच्याकडे मागणं आहे. पुढची पट्टी येईल, आज संध्याकाळच्या आत येईल, तेव्हा अंगठा जरा थांबवा आणि ते बारकं "नाही" शोधा. सापडलं तर दाबा. लपवलेलं असलं तर त्यांना मराठीत लिहून कळवा की आम्ही घरदीठ एक बोलावला होता. आणि कधी प्रकाशाच्या पुलावर तुमच्यापुढे एक जांभळी स्कूटर मधूनच चालली असेल, वर हेल्मेट, खाली पदर, मागे डबा, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका.